पहिलं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेताना: हातांआधी पाय बघा

माझं पहिलं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट मी खोक्यावरचे आकडे वाचून घेतलं. इतके शे आवाज, इतकी तयार किट्स (म्हणजे आवाजांचे जुळवलेले संच), सरावाला इतकी गाणी. घरी आणल्यावर पंधरा दिवस हौसेने सगळं फिरवून ऐकलं आणि मग त्यातलं एक साधं किट लावून ठेवलं ते कायमचंच. बाकीचे आवाज पुन्हा कधी ऐकल्याचं आठवत नाही. अडचण निघाली ती भलतीकडेच. उजवा पाय जरा जोरात पडला की किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल इंचाइंचाने पुढे सरकायचं. डावा पाय अर्धा उचलला तर हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) एक तर सताड उघडी, नाहीतर गच्च बंद. मधलं काही नाहीच.

तेव्हापासून कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पायाखाली काय आहे? हाताखालची पॅड, म्हणजे काठीने वाजवायच्या चकत्या, आता स्वस्त किटलाही बरी मिळतात. काटकसर होते ती पायाखाली, कारण फोटोत ते दिसत नाही आणि दुकानात उभ्या उभ्या चार काठ्या मारून बघणाऱ्याला ते कळतही नाही. त्यात शेजाऱ्यांचा त्रास, तोही पायातूनच सुरू होतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत पायाला जरा जास्तच जागा दिली आहे.

पायरी १: जागा मोजा

छोट्या किटला वाजवणाऱ्यासकट साधारण चार फूट रुंद आणि चार-साडेचार फूट खोल जागा लागते. टेप लावून मोजण्यापेक्षा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा, मध्ये स्टूल ठेवून बसा आणि हातात काठ्या आहेत असं समजून दोन्ही हात फिरवा. मागची भिंत कोपराला लागते का, कपाटाचं दार उघडतं का, प्लगपर्यंत वायर पोचते का, हे पाच मिनिटांत कळतं.

घडी करून ठेवता येतं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. येतं, खरंच येतं. पण रोज उघडून, पाय लावून, पॅडचे कोन जुळवून सरावाला बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. घडी घातलेलं किट महिनाभराने पलंगाखाली जातं. कायम उभं राहील एवढी जागा नसेल तर किटचा आग्रह तूर्त सोडा. एक प्रॅक्टिस पॅड आणि मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) घेऊन सहा महिने हात तयार करा. ते वाया जात नाही.

पायरी २: आवाज कुठून जातो ते समजून घ्या

इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजी, हा गैरसमज घेऊन बरेच जण येतात. खरं ड्रम किट सहज १०० डेसिबलच्या वर जातं, त्यामानाने हे फारच शांत. पण काठी पॅडवर आपटते तो आवाज उरतोच. मेश, म्हणजे जाळीचं पॅड, मऊ थपथप करतं. रबरी पॅड टकटक करतं आणि ती टकटक शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात जाते. सिम्बलची, म्हणजे झांजेची, पॅड बहुतेक सगळीकडे रबरीच असतात, त्यामुळे मेशच्या किटलाही थोडी टकटक राहतेच. तरी हा सगळा हवेतून जाणारा आवाज. दार लावलं की बराचसा अडतो.

पायाचा आवाज दाराने अडत नाही. बीटर, म्हणजे किकच्या पेडलचा छोटा हातोडा, पॅडवर आदळला की तो धक्का स्टँडमधून थेट फरशीत उतरतो आणि खालच्या घराच्या छतातून बाहेर येतो. तुम्हाला तो ऐकूच येत नाही, कारण तुमच्या कानावर हेडफोन असतो. मला आपण किती शहाण्यासारखं, गुपचूप वाजवतो याचा अभिमान होता. एक दिवस खालच्या काकू जिन्यात भेटल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "रोज रात्री खिळे ठोकता का हो तुम्ही वर? अजून किती राहिलेत?"

त्या रात्री मी भावाला किटवर बसवलं आणि स्वतः काकूंच्या घरात जाऊन उभा राहिलो. स्नेअर (दोन पायांमधला मुख्य ड्रम), टॉम (त्याभोवतीचे ड्रम), सिम्बल, काहीही ऐकू आलं नाही. किक मात्र ठक, ठक, ठक, अगदी मोजून घ्यावी अशी. तुम्हीही हे एकदा करून बघा, किट घेण्याआधीच. घरातल्या कोणाला तरी टाचेने जमिनीवर ताल धरायला सांगा आणि खाली जाऊन ऐका. जे ऐकू येईल त्याच्या आसपासचाच आवाज किकचा येणार.

नुसत्या गालिच्याने हे थांबत नाही. गालिचा किट घसरू नये म्हणून हवाच, पण धक्का तो फारसा शोषत नाही. उपयोगी पडतो तो टेनिस बॉलचा चौथरा, आणि तो घरी करता येतो. प्लायचे दोन जाड तक्ते घ्यायचे, किट आणि स्टूल दोन्ही मावतील एवढे. खालच्या तक्त्यात साधारण फूट-फूट अंतरावर गोल भोकं पाडायची. टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, म्हणून भोक पाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवलं की बॉल त्यात बसतो पण खाली पडत नाही. वरून दुसरा तक्ता, त्यावर गालिचा, त्यावर किट. वरचा तक्ता भिंतीला किंवा कपाटाला कुठेही टेकता कामा नये. टेकला की धक्का तिथून उतरतो आणि सगळी मेहनत फुकट. बॉल सगळे सारखे घ्या. काही कडक आणि काही पिचके असले तर चौथरा डगमगतो आणि वाजवताना बोटीत बसल्यासारखं वाटतं. माझ्याकडे चौथरा झाल्यावर आवाज पूर्ण गेला नाही, पण खिळे ठोकणं थांबलं. रात्री नऊनंतर किक वाजवायची नाही, एवढं मी आपणहून ठरवलं.

पायरी ३: किक

स्वस्त किटमध्ये किक दोन तऱ्हेची असते.

पहिलीत बीटर नसतो. नुसती पावलाची पट्टी, आत सेन्सर. जागा कमी लागते आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला त्यातल्या त्यात हीच सोयीची. पण पायाला बीटरचं वजन मिळत नाही. खऱ्या पेडलवर बीटर जातो, आदळतो, उसळून परत येतो, आणि त्या परत येण्यावरच जलद दोन ठोके बेतलेले असतात. बिनबीटरच्या पट्टीवर वर्षभर शिकलेला पाय खऱ्या किटवर बसला की पुन्हा पहिल्या इयत्तेत जातो.

दुसरीत एक छोटं उभं पॅड असतं आणि त्याला समोरून खरं पेडल लावायचं. कुठेतरी जाऊन खरे ड्रम वाजवण्याचा विचार असेल तर हीच घ्या. पुढे चांगलं पेडल विकत घेतलं तर तेवढंच बदलता येतं. पॅड पुरेसं रुंद असेल तर दोन बीटरचं डबल पेडलही बसतं.

कधीकधी एकाच मालिकेत दोन्ही तऱ्हा असतात आणि नावातल्या एका आकड्याने फरक पडतो. यामाहाच्या डीटीएक्स ४०२ मालिकेत ४०२के या मॉडेलला बिनबीटरचं पेडल येतं, तर ४३२के ला किकचं पॅड आणि बीटरचं पेडल. फोटोत दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव वाचा आणि खोक्यात काय काय आहे ती यादी वाचा. पेडल वेगळं घ्यावं लागेल, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते घरी आल्यावर सापडू नये.

तपासायचं असं. बसा, आणि किकवर सलग वीस जोरदार ठोके मारा. स्टँड पुढे सरकला का? चांगल्या स्टँडला खाली टोकदार खिळे असतात, ते गालिच्यात रुततात. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर थोडं सरकणं माफ करा. मग जलद दोन-दोन ठोके. दोन ऐकू आले की एकच? शेवटी टाच टेकवून अगदी हलके ठोके. किक मुकी राहिली तर विचारा की मॉड्यूलमध्ये, म्हणजे ठोक्याचा आवाज करणाऱ्या पेटीत, संवेदनशीलता बदलता येते का.

पायरी ४: हाय-हॅट

नवशिके या पायरीवर सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात. हाय-हॅट म्हणजे एकमेकींवर बसवलेल्या दोन झांजा, आणि डावा पाय त्यांच्यामधलं अंतर ठरवतो. गच्च बंद असली की चिक, जराशी सैल केली की खरखर, उघडी सोडली की झळाळतं. साध्या चार मात्रांच्या तालात जीव येतो तो या मधल्या जागेमुळे.

खूप स्वस्त किटमध्ये हे पेडल दिव्याच्या बटणासारखं असतं: चालू किंवा बंद. त्याहून बऱ्या किटमध्ये ते पाय किती दाबलाय हे मोजत राहतं. ओळखायला सोपं आहे. उजव्या हाताने हाय-हॅटवर एकसारखे ठोके चालू ठेवा आणि डावा पाय अगदी सावकाश, दहा आकडे मोजत, खाली न्या. आवाज हळूहळू आवळत गेला तर छान. तीन-चार टप्प्यांत गेला तरी शिकायला चालेल. एकदम तुटून बंद झाला तर ते किट तिथेच ठेवा.

मग हात बाजूला ठेवून नुसता पाय दाबा. बंद होताना चिक वाजलं पाहिजे. पटकन दाबून सोडला तर दोन झांजा एकमेकींना चाटून गेल्यासारखा आवाज यावा, पण हा शेवटचा मुद्दा या किमतीत हट्टाने मागण्यासारखा नाही.

स्वस्त किटमध्ये हाय-हॅटचं पॅड एका दांडीवर आणि पेडल वेगळं, मध्ये फक्त वायर, अशी रचना असते. त्यात एक मोह आहे. पॅड कुठेही लावता येतं, म्हणून लोक ते सोयीने समोर किंवा उजवीकडे लावतात. तसं करू नका. डाव्या पायाच्या वर, स्नेअरच्या डावीकडे, जिथे खऱ्या किटला असतं तिथेच लावा. डावखुरे असाल तर सगळंच उलटं.

पायरी ५: स्नेअर

पॅडच्या आत एक पिझो चकती असते. ठोका बसला की ती थरथरते आणि वीज निर्माण करते. मॉड्यूल ती मोजून ठोक्याचा जोर ठरवतं. मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा, तिच्यात हा जोर १ ते १२७ असा मोजतात. कागदावर सगळ्याच किटना हे आकडे मिळतात. फरक पडतो तो तळाशी, म्हणजे हलक्या ठोक्यांत. काठीचं टोक पॅडपासून दोन बोटं वर धरून नुसतं पडू द्या. ते ऐकू येतं का? एकामागे एक पडू दिलं तर प्रत्येक ऐकू येतं का? दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये कुजबुजणारे हे ठोके हरवत असतील तर हात नकळत सगळंच जोरात वाजवायला शिकतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

दुसरं, स्नेअर दोन भागांचा हवा: मधला पडदा वेगळा, कडा वेगळी. टॉम एका भागाचे असले तरी चालतात, स्नेअरला तडजोड नको. तिसरं, आकार. ८ इंचाच्या पॅडवर काम भागतं, पण १० इंचांवर हात मोकळा राहतो. अलेसिस कंपनीने नायट्रो मेश या किटनंतर नायट्रो मॅक्स काढलं, त्यात स्नेअर ८ वरून १० इंचांवर नेला. यादीतल्या बाकीच्या नव्या गोष्टींपेक्षा मला तोच बदल कामाचा वाटतो.

मेश की रबर, या प्रश्नाचं उत्तर आता जवळजवळ ठरलेलं आहे: मेश. १९८१ साली आलेल्या सिमन्स एसडीएस-५ या इलेक्ट्रॉनिक किटची ती प्रसिद्ध षटकोनी पॅड इतकी कडक होती की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची. १९९७ मध्ये रोलँडच्या टीडी-१० किटबरोबर ताणलेल्या जाळीची पॅड आली आणि तिथून मनगटांना दिलासा मिळाला. ती जाळी आता सुरुवातीच्या किटपर्यंत उतरली आहे. रबरी किट अगदीच स्वस्तात मिळत असेल तरी निदान स्नेअर मेशचा बघा.

मेशचा एक दोष मात्र माहीत असू द्या. ती फार ताणली की काठी चेंडूसारखी उसळते, हात आपोआप जलद चालतो आणि आपण फार तयार झालो असं वाटू लागतं. खऱ्या टॉमवर बसल्यावर तो भ्रम उतरतो. म्हणून थोडी सैलच ठेवा. सैल करताना किंवा ताणताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. एकाच बाजूने आवळत गेलात तर जाळी तिरकी बसते.

पायरी ६: टॉम आणि सिम्बल, थोडक्यात

तीन टॉम, एक क्रॅश (मध्येच जोर द्यायची सिम्बल), एक राइड (ताल चालू ठेवायची सिम्बल), एवढं पुरतं. क्रॅश वाजवून लगेच कडा हाताने पकडली तर आवाज तुटला पाहिजे. राइडला घुमटाचा, म्हणजे मधल्या उंचवट्याचा, वेगळा आवाज असेल तर उत्तम, नसेल तर वर्षभर अडत नाही. मॉड्यूलला एखादा जादा टॉम आणि दुसरी क्रॅश जोडायला मोकळी जागा आहे का, ते बघून ठेवा. वाढवायचं झालं तर अख्खं किट बदलावं लागत नाही.

पायरी ७: मॉड्यूल

मॉड्यूलमध्ये किती आवाज आहेत हे विसरा. एक चांगलं, साधं किट असलं की झालं. त्याऐवजी या गोष्टी विचारा. मेट्रोनोमचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो का? फोनवरचं गाणं वायरने आत घेता येतं का? प्रत्येक पॅडची संवेदनशीलता वेगळी लावता येते का? वाजवलेलं रेकॉर्ड करून लगेच ऐकता येतं का? यूएसबीने मिडी बाहेर जातं का? पाचही उत्तरं हो असतील तर ते मॉड्यूल तुम्हाला दोन-तीन वर्षं पुरेल.

ब्लूटूथ असेल तर ते फोनवरचं गाणं मॉड्यूलमध्ये घेण्यासाठी वापरा. स्वतःचं वादन ब्लूटूथ हेडफोनवर ऐकायचा प्रयत्न करू नका. हेडफोनपर्यंत आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीरही हाताला खटकायला लागतो. काठी आत्ता पडली आणि आवाज मग आला, या अवस्थेत ताल धरणं माणसाच्या हाती राहत नाही.

पायरी ८: पैशांचे चार भाग करा

जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यांचे चार भाग करा. तीन भागांत किट बसलं पाहिजे, चौथा बाकीच्या सामानाला. हा चौथा भाग बहुतेक जण विसरतात आणि मग जेवणाच्या खुर्चीवर बसून ड्रम वाजवतात.

त्यातला मोठा वाटा ड्रमच्या स्टुलाला द्या. उंची बदलता आली पाहिजे आणि बसल्यावर डुलता कामा नये. स्टूल डुललं की दोन्ही पाय शरीर सावरायला लागतात आणि पेडलवर लक्ष राहत नाही. मग हेडफोन: कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला, वायरचा. बंद हवा कारण बाहेरची टकटक आत आली की ती दाबायला तुम्ही आवाज वाढवता. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स यासारखा साधा स्टुडिओ हेडफोन पुरेसा आहे. मॉड्यूलचं भोक मोठं आणि हेडफोनची पिन छोटी असेल तर मधला जोड स्टिरिओच घ्या, नाहीतर आवाज एकाच कानात येतो आणि माणूस हेडफोनला दोष देत बसतो.

काठ्या ५ए मापाच्या घ्या. लहान मुलांना किंवा हलका हात असेल तर त्याहून बारीक ७ए. खऱ्या सिम्बलवर वापरून कुरतडलेली जुनी काठी मेशवर आणू नका. तिच्या कुसळांनी जाळी फाटते.

पायरी ९: दुकानातली दहा मिनिटं

स्वतःचा हेडफोन आणि स्वतःच्या काठ्या घेऊन जा. दुकानात किट बहुधा भल्या मोठ्या सभागृहात वाजल्यासारख्या घुमणाऱ्या आवाजावर लावून ठेवलेलं असतं. त्या घुमण्याखाली सगळे दोष झाकले जातात. विक्रेत्याला सांगा, सगळ्यात कोरडं, साधं किट लावून द्या. आवाजही मध्यम ठेवा. मग आधी पाय, मग हात, या क्रमाने वर सांगितलेल्या परीक्षा घ्या.

एक परीक्षा राहिली. एक टॉम जोरात मारा आणि कान दुसऱ्या पॅडकडे ठेवा. सगळी पॅड एकाच सांगाड्यावर असल्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो आणि न मारलेली सिम्बल हळूच वाजते. मॉड्यूलच्या सेटिंगमधून हे बरंचसं कमी करता येतं, पण सांगाडाच लेचापेचा असेल तर किती कमी करणार? सांगाडा दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. सांध्यांवरचे प्लास्टिकचे खटके बघा. तुटायचं असतं ते तिथूनच.

वाजवता येत नाही म्हणून दुकानात बसायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. मीही असाच उभ्याने टकटक करून आलो होतो. या परीक्षांना वादन यावं लागत नाही. आवाज आला की नाही एवढं कळलं तरी पुरतं.

पायरी १०: जुनं किट घ्यायचं असेल तर

जुनं घ्यायला काहीच हरकत नाही. हौसेने घेतलेली कितीतरी किट्स वर्षभरात जवळजवळ नव्यासारखी विकायला येतात. माझं दुसरं किट जुनंच होतं. विकणाऱ्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "क्रॅश वाजत नाही. पॅड गेलंय, म्हणून तर कमी लावलंय." मी शेजारच्या टॉमची वायर काढून क्रॅशला लावली. क्रॅश वाजली, अर्थात टॉमच्या आवाजात. मग क्रॅशची वायर टॉमला लावली, तर टॉम मुका. म्हणजे पॅड ठणठणीत. मग वायरींची मॉड्यूलकडची टोकंही बदलून पाहिली, तर दोष वायरबरोबरच फिरला. त्यांनाही मी ते दाखवलं. "राहू द्या, ठरलं ते ठरलं," म्हणाले.

ही अदलाबदल प्रत्येक जुन्या किटवर करा. दोष पॅडमध्ये असेल तर तो पॅडबरोबर फिरतो, वायरमध्ये असेल तर वायरबरोबर, आणि काहीही बदललं तरी एकाच ठिकाणी राहत असेल तर तो मॉड्यूलच्या जोडणीत आहे. पहिले दोन परवडतात. तिसरा असेल तर नमस्कार करून निघा. काही किटमध्ये सुट्या वायरींऐवजी एकाच जाड प्लगमधून सगळ्या वायरी निघतात. त्यातली एक गेली तरी बहुधा अख्खा जुडगा बदलावा लागतो, हे भाव करताना लक्षात ठेवा. दोन भागांच्या पॅडला स्टिरिओ वायर लागते. कोणी साधी लावून ठेवली असेल तर कडा वाजत नाही आणि पॅड बिघडलंय असं वाटतं.

अडॅप्टर मूळचाच आहे का ते विचारा. नसेल तर व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची धन-ऋण बाजू मॉड्यूलवर छापलेल्या खुणेशी जुळवून बघा. जाळीवर मधोमध खळगा पडला असेल तर जाळी बदलायची तयारी ठेवा. तो खर्च फार नसतो.

पायरी ११: घरी लावताना

स्टुलापासून सुरुवात करा. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात. मग दोन्ही पाय सहज जिथे पडतात तिथे पेडलं ठेवा, आणि त्यानंतर बाकीचं किट त्यांच्याभोवती उभं करा. बहुतेक जण उलट करतात: सांगाडा उभा करतात आणि मग पाय वेडेवाकडे करून पेडलं शोधतात. स्नेअरची कड मांडीच्या थोडी वर, म्हणजे काठी आडवी पडेल आणि मांडीला लागणार नाही.

सेटिंगला हात घालाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी संवेदनशीलता: तुमचा नेहमीचा जोरदार ठोका जवळजवळ कमाल जोर दाखवेल, एवढी. मग किमान मर्यादा खाली आणा. जमिनीवर पाय आपटला तरी पॅड आपोआप वाजायला लागलं की एक पायरी वर जा आणि तिथे थांबा. एका ठोक्याचे दोन ऐकू येत असतील तर त्याच पॅडची दुहेरी ठोका रोखणारी मर्यादा वाढवा, पण जपून. जास्त वाढवली तर खरे जलद ठोकेही गिळले जातात.

हेडफोनच्या आवाजाबद्दल एक हिशोब सांगतो. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसवतो असं धरतात, आणि प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. शेजाऱ्यांचे कान वाचवून आपले घालवू नका. सराव संपल्यावर कानात सूं आवाज येत असेल तर उद्या दोन खुणा खाली.

संगणकाला जोडून त्यातले आवाज वापरणं हा पुढचा टप्पा. यूएसबी वायर आणि ड्रमचं एखादं सॉफ्टवेअर एवढ्यावर ते होतं. एमटी पॉवर ड्रम किट फुकट मिळतं आणि सुरुवातीला झकास आहे, फक्त ते चालवायला रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही लागतं. उशीर जाणवला तर सेटिंगमधला बफरचा आकडा (संगणक एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो तो) २५६ किंवा १२८ वर आणा. पहिले तीन महिने मात्र संगणक लांबच ठेवा. आवाज निवडण्यात संध्याकाळ जाते आणि काठी हातात येतच नाही.

किट लावून झालं की खोकं लगेच रद्दीत देऊ नका. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक पॅडचा प्रत्येक भाग वाजवून बघा: पडदा, कडा, घुमट, पकडून तुटणारी क्रॅश, आणि दोन्ही पाय. आठवड्याने सगळे खटके आणि स्क्रू पुन्हा आवळा. नव्या सांगाड्याचे सांधे वाजवून वाजवून सैल होतात. परतीची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल आणि बिल एकाच जागी ठेवा, कारण पॅड बदलून घ्यायची वेळ आली तर सगळ्यात आधी तेच मागतात.